जाऊबाईंशी अबोला आणि ‘आजचे वचन’

पत्र लिहिणाऱ्या ताई 43 वर्षांच्या आहेत. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका, महिन्यातला एक आठवडा नाइट. माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. दर जानेवारीत त्या मोबाइलवर ‘वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र’ ही योजना सुरू करतात आणि दर वर्षी जुन्या करारातल्या लेवीयच्या पुस्तकात अडकतात. यंदा ॲपमधला सलग दिवसांचा आकडा 34 वर गेला होता. एका डबल ड्यूटीत तो तुटला, शून्यावर आला आणि तेव्हापासून शास्त्र उघडायलाच नको वाटतं. तरीही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहाला ‘आजचे वचन’ त्याच पाठवतात.

मोठ्या जाऊबाईंशी त्यांचा दोन वर्षं अबोला आहे. कारण सासऱ्यांच्या पश्चात राहिलेलं गावातलं घर. ते जाऊबाईंच्या ताब्यात आहे, आणि वाटणीचा विषय निघाला की भांडण होतं. सासऱ्यांच्या आजारपणात ताई दर महिन्याला पैसे पाठवत होत्या. पण ‘घरात नर्स असून म्हाताऱ्याला काय उपयोग झाला?’ हे जाऊबाई चारचौघांत बोलल्या, ते मनातून जात नाही. जाऊबाईही त्याच ग्रुपवर आहेत. मध्यंतरी 15 वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘आई, तू रोज वचन पाठवतेस, मग काकूशी का बोलत नाहीस?’ तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असतो त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मुद्दाम ड्यूटी मागून घेतात. यजमान म्हणतात, ‘देव हजेरी घेत नाही, झोप तू.’

ताई विचारतात: हे ढोंग आहे का? वाचणं, वचन पाठवणं, प्रार्थना, सगळं काही दिवस बंद ठेवणं जास्त प्रामाणिक ठरेल का? आणि आतून काहीच जाणवत नसेल तर प्रार्थना करायची तरी कशी?

प्रिय ताई,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रात योजनेबद्दल, तुटलेल्या आकड्याबद्दल आणि वाचायच्या राहिलेल्या अध्यायांबद्दल दीड पान आहे. जाऊबाईंबद्दल चार ओळी आहेत आणि त्यांत तीन ठिकाणी खाडाखोड आहे. पत्र हातानं लिहिलंत म्हणून ती दिसली. आकडा तुटल्याचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या एका दुःखाची जागा त्यानं अडवून ठेवली आहे असं मला वाटतं. तरी सुरुवात आकड्यापासूनच करू, कारण तुमच्यासारखीच पत्रं दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि त्या सगळ्यांनाच हे सांगायचं आहे.

वर्षभरात शास्त्र पूर्ण करायची रीत चांगली आहे, पण ती आज्ञा नाही. आपल्या 66 पुस्तकांचे 1,189 अध्याय होतात, म्हणजे रोजचे तीन ते चार. हे अध्यायसुद्धा तेराव्या शतकात पाडले गेले आणि वचनांचे आकडे सोळाव्या शतकात आले. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांच्या हातात स्वतःचं पुस्तकच नव्हतं. त्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसून ऐकायच्या आणि ऐकलेलं पाठ करून जगायच्या. रोजच्या वाचनाची जी वेळापत्रकं आज जगभर चालतात, त्यांतलं एक फार गाजलेलं स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण पाळकानं 1842 साली आपल्या मंडळीसाठी तयार केलं. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी, तिशीही न गाठता, तो वारला. मला त्याचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की वेळापत्रकाचे फायदे सांगण्याआधी त्यानं त्यातले धोके लिहिले. वाचन निव्वळ रीत होऊन बसेल. नेमलेला भाग संपवला की माणूस स्वतःवरच खूश होईल. घाईघाईत वाचलं जाईल. आणि काहींना ते पेलवणार नाही, मानेवरचं जू होईल. वेळापत्रक करणारा स्वतःच हे सांगत होता. ॲप मात्र यातलं काही सांगत नाही, ते आकडा दाखवतं. तो आकडा लपवता येत नसेल तर ॲपच मोबाइलमधून काढता येतं. आजच काढा.

तुमचे यजमान म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. देव हजेरी घेत नाही. पण त्यावरून शास्त्र मिटून ठेवावं असा अर्थ निघत नाही, आणि तो अर्थ तुम्हालाही पटलेला नाही, नाहीतर पत्र लिहिलंच नसतं.

आता लेवीयबद्दल. तुम्ही लिहिलंय की होमार्पणं, चरबी, रक्त, डाग हे वाचून ‘माझ्या आयुष्याशी याचा काय संबंध’ असं होतं. एकदा परिचारिका म्हणून तेरावा अध्याय उघडून पाहा. याजक माणसाच्या त्वचेवरचा डाग तपासतो. नक्की कळत नसेल तर त्याला सात दिवस वेगळं ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा तपासतो. डाग पसरलाय का, आहे तेवढाच आहे, केसांचा रंग बदललाय का. गरज पडली तर आणखी सात दिवस. तुम्ही आयसोलेशन वॉर्डात काम केलंय. हे वाचताना तुम्हाला जे दिसेल ते मला दिसणार नाही. भाषा जड वाटत असेल तर सोपा अनुवाद घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना वाचता यावं म्हणूनच. 1922 साली त्या गेल्या आणि अनुवाद 1924 साली छापून आला.

पण लेवीय उघडा म्हणते आहे त्याचं खरं कारण एकोणिसावा अध्याय आहे. दर वर्षी तुम्ही त्याच्या अलीकडेच थांबता. शेताची कड न कापता गरिबांसाठी सोडायची, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवायची नाही, बहिऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा नाही, असं सगळं रोजच्या जगण्यातलं तिथं आहे. आणि याच यादीत, अठराव्या वचनात, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे. प्रभू येशूनं सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये जी सांगितली ती या पुस्तकातली. तिच्या अगदी आधीचं, सतरावं वचन आपण फारसं वाचत नाही. त्यात म्हटलंय की आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला त्याची चूक स्पष्ट सांग, नाहीतर त्याच्यामुळे तुलाही पाप लागेल. मग सूड घेऊ नको, आकस धरू नको, आणि मग प्रीती कर.

हा क्रम बघा, ताई. आपल्या मंडळ्यांमध्ये आपण उलटं शिकलो. ख्रिस्ती बाईनं बोलू नये, गिळावं, हसून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणावं, आणि त्यालाच प्रीती म्हणावं. शास्त्र अबोल्याला प्रीती म्हणत नाही. ते आधी बोलायला सांगतं.

‘काहीच जाणवत नाही’ हा तुमचा प्रश्न मला या वाटेनंच पाहायचा आहे. त्याला दोन कारणं असू शकतात, आणि ती एकमेकांत मिसळू नका.

पहिलं थकवा. नाइट करून घरी आल्यावर डबे, कपडे, मुलीचा क्लास आणि मग अकरा वाजता डोळे मिटत असताना चार अध्याय! त्या वेळी काही जाणवत नाही याचा तुमच्या विश्वासाशी काडीचा संबंध नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाची ती मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, खाऊन-पिऊन होरेब डोंगरापर्यंत चालत गेल्यावर. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ही हकीकत आहे. नाइटनंतरच्या सकाळी आधी झोपा. सकाळी सहाला जमलं नाही म्हणून दिवस वाया गेला असं समजू नका. मार्क सांगतो की प्रभू येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे खरंच. पण ज्यांची पहाट वॉर्डात जाते त्यांचीही स्तोत्रं शास्त्रात आहेत. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी 134 वं आहे. 130 व्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. आणि राखण करणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही, हे 121 व्यात. पहाटे चारला, जेव्हा घड्याळ हलत नाही आणि एखाद्या पेशंटचं सॅच्युरेशन खाली-वर होत असतं, तेव्हा हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलीनं विचारलं त्या दिवसापासून शब्द बंद झाले असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कधीपासून ते तुम्हाला ठाऊक आहे. एक विषय देवापुढे काढायचा नाही असं मनानं ठरवलं, की बाकीचे विषयही हळूहळू आटतात. आजाऱ्यांसाठी, मुलीच्या परीक्षेसाठी, पाळकसाहेबांसाठी प्रार्थना होते, पण ती पाठ केल्यासारखी. तो एक विषय काढला तर आपल्या तोंडून वाईट काहीतरी निघेल याची भीती असते. निघू दे. 55 वं स्तोत्र वाचा, मोठ्यानं, घरात कोणी नसताना. शत्रूनं माझी निंदा केली असती तर मी सोसली असती, असं तो गाणारा म्हणतो. पण तू तर माझा जवळचा, आपण दोघं बरोबर देवाच्या घरी जात होतो. तुम्ही आणि जाऊबाई नाताळच्या आदल्या रात्री एकाच बाकावर बसून गात होता, असं तुम्ही लिहिलं आणि मग खोडलंत. खोडलेलं मला वाचता आलं, माफ करा. हे स्तोत्र म्हणणारा पुढे रागानं भलतंसलतंही मागतो. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, गाळलेलं नाही. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं रडगाऱ्हाणी आहेत. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असंही येत नाही. देवापुढे नीटनेटकं होऊन जायचं असतं हा आपला समज स्तोत्रं लिहिणाऱ्यांचा नव्हता.

आणि अगदीच शब्द नसतील तर उसने घ्या. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. नारायण वामन टिळकांची जी पदं आपण उपासनेत गातो त्यांतलं एखादं, पाठ असलेलं, स्वयंपाक करताना म्हणा. प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो असं प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलं. कण्हणं पुरतं, हे वॉर्डात राहिलेल्या बाईला मी काय सांगू!

ग्रुपवरच्या वचनाचं. ते ढोंग आहे असं मी म्हणणार नाही. गावातल्या एखाद्या एकट्या आत्याबाई सकाळी त्याची वाट पाहत असतील. पण एक प्रश्न विचारते, उत्तर मला कळवायची गरज नाही. गेल्या दोन वर्षांत क्षमा, नम्रता, जिभेला लगाम, या विषयांची वचनं पाठवताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? जाऊबाई त्या ग्रुपवर आहेत. त्या ‘आमेन’ लिहीत नाहीत, पण वाचतात. तुम्ही मनात काही न ठेवता पाठवलेलं वचनसुद्धा त्यांना टोमणा वाटत असेल, आणि एखादं तसं असेलही. शास्त्राचं वचन दुसऱ्यावर नेम धरून फेकायची सवय आपल्याला फार लवकर लागते, आणि फेकलेलं वचन आपल्याकडे परत येऊन काही बोलत नाही. म्हणून काही महिने हे काम दुसऱ्या कोणावर सोपवा. दिराच्या मुलाला सांगा, एखाद्या नणंदेला सांगा. ‘ड्यूटीमुळे जमत नाही, थोडे दिवस तू पाठव’ एवढंच पुरे. मोठी घोषणा नको, ‘मी योग्य नाही म्हणून थांबते आहे’ असलं काही तर अजिबात नको. त्यानं पुन्हा सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडेच जाईल.

आता घर. इथं मला तुमच्या पत्रातला एक समज थेट खोडायचा आहे. ‘मिटवायचं म्हणजे घरावर पाणी सोडायचं’ असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून तुम्हाला वाटतं की एकतर हक्क सांगायचा नाहीतर ख्रिस्ती राहायचं. तसं नाही. हक्काचा प्रश्न हक्काच्या जागी सोडवा. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे तुमच्या नणंदांचाही वाटा आहे, याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा, घर कोणाच्या नावावर लागलंय ते बघा, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या वकिलाचा सल्ला घ्या. शक्य तर तुमचे यजमान आणि त्यांचे भाऊ यांनी हे बोलावं. दोन भावांची वाटणी दोन जावांच्या तोंडून का भांडली जाते आहे, हेही त्यांना विचारा. मला हे फार खटकलं. पुरुष शांत राहून ‘झोप तू’ म्हणतात आणि नातं बायका तोडतात.

पण जाऊबाईंच्या त्या वाक्याचा निकाल वकील लावणार नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन तुम्हाला पाठ आहे, त्याच्यामुळेच तुम्ही प्रभुभोजन टाळता. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. काय आठवलं तर? आपल्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं नाही, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं तिथं आहे. तुमच्या पत्रात जाऊबाईंविरुद्धच्या तक्रारी आहेत, सगळ्या खऱ्या असतील. त्यांच्या मनात तुमच्याविरुद्ध काय असेल ते एका कागदावर लिहून पाहा. सासरे अंथरुणावर होते, तेव्हा त्यांची कूस कोण बदलत होतं? रात्री कोण उठत होतं? पैसे दर महिन्याला येत होते, त्याशिवाय औषधं आलीच नसती, हे खरं. आणि तरीही घरात एक शिकलेली परिचारिका आहे, ती चार दिवस येऊन राहील, बेडसोअर कसे सांभाळायचे ते दाखवील, एवढी वाट त्या बाईनं पाहिली असेल. ते वाक्य क्रूर होतं. पण ते फार दमलेल्या माणसाचं वाक्य आहे, आणि दमलेल्या नातेवाइकांच्या तोंडून तसली वाक्यं तुम्ही वॉर्डात रोज ऐकता. त्यांच्यावर तुम्ही अबोला धरत नाही.

म्हणून पहिला फोन घराबद्दल नको. ‘मामंजींच्या आजारपणात तुम्ही जे केलं ते मी कधी बोलून दाखवलं नाही, ते आज सांगायला फोन केला’ एवढं. आणि त्याच फोनवर किंवा पुढच्या, जमेल तसं, ‘ते वाक्य मला फार लागलं’ हेही सांगा. त्याशिवाय लेवीयचं ते सतरावं वचन पुरं होत नाही. त्या फोन आपटतील, कदाचित. त्या रडतील, कदाचित तुम्हालाच ऐकवतील. पौल म्हणतो की जमेल तितकं, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा. त्यांच्याकडून होणारं तुमच्या हातात नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोन करा.

इथं इतर वाचकांसाठी एक थांबून सांगते. नवरा मारतो, दीर हात टाकतो, घरात जिवाला धोका आहे, अशी पत्रंही माझ्याकडे येतात. हा सल्ला त्या बहिणींसाठी नाही. तिथं आधी सुरक्षित जागी जायचं, पोलिसांत आणि वकिलाकडे जायचं. समेटाच्या वचनांनी कोणी त्यांना परत त्या घरात ढकलत असेल, तर तो शास्त्राचा गैरवापर आहे.

प्रभुभोजन टाळू नका. करिंथकरांना पौलानं लिहिलं ते असं, की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून दूर राहावं असं नाही. तुम्ही फोन करायचं ठरवलंय, अजून हात उचलला जात नाही, अशा अवस्थेतही या. पाळकसाहेबांना आधी भेटून सांगा, मंडळीत चर्चा होईल म्हणून कचरत असाल तर पाळकीणबाईंशी बोला. पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लागायच्या आधी इन्चार्ज सिस्टरांकडे पहिला रविवार मोकळा मागा.

आणि रोज काय वाचायचं? योजना सोडा, या वर्षापुरती. 120 ते 134 ही 15 स्तोत्रं घ्या. यरुशलेमेला सणाला जाणारे यात्रेकरू ती म्हणत असत असं मानतात, आपल्याकडे वारीच्या वाटेवर अभंग म्हणतात तशी. बहुतेक सगळी छोटी आहेत, 131 वं आणि 134 वं तर तीन-तीनच वचनांची. वर सांगितलेली नाइटची तिन्ही यांतच आहेत. एका दिवसाला एकच, आणि दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तेच, पुढचं नाही. मोठ्यानं वाचा. आपल्या भाषेतलं ख्रिस्ती वाङ्मय सुरुवातीपासून कानासाठीच लिहिलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात 1616 साली छापलं गेलं ते ओव्यांत, आणि देवळात लोकांना वाचून दाखवलं जायचं. डोळे पुढे पळतात, कान पळत नाहीत.

वाचून झालं की जी ओळ अडकेल तिथं थांबा. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासी साधूनं याचे चार टप्पे सांगितले, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. तुम्हाला टप्पे मोजायची गरज नाही, तुम्ही आकड्यांनी आधीच पोळला आहात. फक्त ती ओळ कागदाच्या चिठ्ठीवर लिहून युनिफॉर्मच्या खिशात ठेवा, आणि ती आज कोणाशी वागताना लागू पडेल ते आधीच ठरवा. नाव घालून ठरवा. वॉर्डातल्या मावशी उशिरा आल्या तर त्यांच्याशी. चिडचिड्या डॉक्टरांशी. ‘सगळ्यांवर प्रेम करीन’ असं ठरवलं की ते कोणावरच होत नाही, असा माझा अनुभव आहे. ड्यूटी बदलताना ओव्हर घेता तेव्हा प्रत्येक बेडपाशी तुम्ही थांबताच. तिथं त्या पेशंटचं नाव मनातल्या मनात देवापुढे ठेवा, एक श्वास एवढाच वेळ. जुन्या मिशन दवाखान्यांत वाढलेल्या पिढीला वॉर्डातली सकाळची प्रार्थना आठवत असेल. तुमचं रुग्णालय तसं नाही, तिथं सगळ्या धर्मांची माणसं आजारी होऊन पडली आहेत. त्यांना ऐकू जाईल असं काही करू नका, पण त्यांच्यासाठी मागायला कोणाची परवानगी लागत नाही.

चौदाव्या दिवशी 133 वं येईल. भावंडांनी एकोप्यानं राहणं किती चांगलं, किती मनोरम. ते ओलांडून 134 वर जावंसं वाटेल. त्या दिवशी पुढे जाऊ नका. 133 वरच राहा, आठवडा लागला तरी.

राहिली मुलगी. तिच्या प्रश्नावर तुम्ही ‘मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस’ म्हणालात, असं लिहिलंय. तिला आता सांगा की तुझा प्रश्न बरोबर होता आणि मला त्याचा राग आला होता. घराचं काय झालं तेही तिला कळेल अशा शब्दांत सांगा, काकूला वाईट न ठरवता. फोन करणार आहात हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर, झाल्यावर सांगा. ती घरी असेल तेव्हा तुमचं रोजचं स्तोत्र तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचा. येऊन बसली तर एक कडवं तिला वाचू द्या. नाही बसली तर बोलावू नका.

तुमची बहीण